सतरा नंबरच्या जागी सुपारी

१

शनिवारची सकाळची शाळा सुटली तशी मी ढाल छातीशी धरून थेट इलियास सरांच्या घरी पळत सुटले. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिल्या आलेल्याला मिळते ती ढाल! परिपाठाला मुख्याध्यापकांनी सगळ्या शाळेसमोर माझ्या हातात दिली होती, आणि घरी आईला दाखवायच्या आधी मला ती सरांना दाखवायची होती.

दार उघडंच होतं. आतल्या खोलीत सर फरशीवर बसले होते. सर कधीच खाली बसत नाहीत, गुडघे उठू देत नाहीत. त्यांच्यासमोर लाकडी कपाटाचा तिसरा खण बाहेर ओढलेला होता.

"सतरा नंबर नाही, बेटा," ते म्हणाले.

घरातलं माणूस गेल्याचं सांगावं, तसं म्हणाले. मी ढाल दाराआड ठेवून दिली.

आता मी कोण, ते सांगून टाकते. सारजा रामकिसन म्हस्के, नववी ब. नाव आज्जीचं आहे, आवाज माझा स्वतःचा. आम्ही मूळचे फुलंब्रीचे; दादांना, म्हणजे वडिलांना, नोकरी लागली म्हणून औरंगाबादला उस्मानपुऱ्यात आलो. मागच्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करायचा म्हटलं की माझी बोबडी वळायची. ही गोष्ट १९९६ संपतानाची, आणि आता मी कुणाच्या बापाला भीत नाही. स्वतःच्या सोडून.

इलियास सर म्हणजे आमच्या गल्लीतले 'दगडवाले सर'. भूशास्त्राचे रिटायर्ड प्रोफेसर. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. आटून गेलेल्या समुद्रांतले मरून गेलेले जीव शोधले, आणि ते कशानं मेले ते विचारत राहिले. त्यातला त्यांचा लाडका म्हणजे अमोनाइट. ऑक्टोपसचा चुलतभाऊ, पण अंगावर मेंढ्याच्या शिंगासारखं गुंडाळलेलं कवच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर गेले तेव्हा, हेही झाडून सगळे गेले. खडकाच्या थरांत एक रेघ असते. रेघेच्या खाली अमोनाइटच अमोनाइट, रेघेच्या वर एकही नाही.

एक सोडून.

१९७१ साली तमिळनाडूत, अरियलूरजवळच्या एका खाणीत, सरांना रेघेच्या तीन वीत वर एक सापडला. तळहाताएवढा, मातकट पिवळा. त्याच्यावर बारीक शाईनं लिहिलेलं : १७.

"म्हणजे सगळे मेल्यावरही एकटा जगला?" मी पूर्वी विचारलं होतं.

"एकटं कुणी जन्माला येत नाही, बेटा. थोडे वाचले असणार. हा त्यांच्यातला शेवटचा."

जगानं मानलं नाही. लोक म्हणाले, हा जुनाच. खालच्या थरातून पाण्यानं उचलून वर नेऊन टाकलेला. खरं काय ते त्याच्या पोटात होतं. कवचाच्या कप्प्यांत भरलेली माती खालच्या थराची की वरच्या, ते कापून तपासलं की कळणार. सरांनी पंचवीस वर्षं कापू दिला नाही. "एकच तर आहे. कापू कसा?" ती खाण तर कधीच खोदून खोदून संपली, रेघेसकट. मग गेल्या वर्षी सरांना हार्ट अटॅक आला, आणि ते तयार झाले. सोमवारी कोलकात्याहून एक मोठ्या शास्त्रज्ञ बाई येणार होत्या. सरांच्या पंचवीस वर्षांचा निकाल सोमवारी लागणार होता.

आणि आज शनिवार होता.

मी खणात वाकून पाहिलं. कापसात अमोनाइटच्या आकाराचा गोल खड्डा तसाच होता. त्या खड्ड्याच्या बरोब्बर मधोमध एक अख्खी सुपारी ठेवलेली होती.

२

"पोलिसांत जाऊ या," मी म्हटलं.

"काय सांगू त्यांना? दगड हरवला?" सर हसल्यासारखं करून म्हणाले. "या गावात दगड हरवत नसतो, बेटा. सगळं गावच दगडावर आहे."

हे सरांचं नेहमीचं. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. काही शास्त्रज्ञ म्हणतात, तो उसळला तेव्हाच्या विषारी धुरानं समुद्र नासले आणि अमोनाइट मेले. सर म्हणायचे, "आपण कातिलाच्या पाठीवर घरं बांधून राहतो आणि त्यालाच पत्ता विचारतो." मला ते फार आवडायचं. जगातला सगळ्यात मोठा खून, आणि आमचे सर त्याचे डिटेक्टिव्ह!

आता डिटेक्टिव्ह फरशीवर बसले होते. मग मी वही काढली.

कुलूप फोडलेलं नव्हतं. चावी घड्याळामागच्या खिळ्यावर असते, ती तिथंच होती. शेजारचा अठरा नंबर शिंपल्यासारखा इंद्रधनुषी चमकतो, कुणीही आधी तोच उचलेल. त्याला धक्कासुद्धा नव्हता. सतराची चिठ्ठी जागेवर. खणात सुकलेली पानं होती. कसर लागू नये म्हणून सर कडुलिंब ठेवतात, म्हणून मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

"चावी कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुला," सर म्हणाले. "फारूखला, अमिनाला, आणि द्वारकाबाईला. म्हणूनच पोलीस नकोत."

फारूखसर म्हणजे सरांचे जुने विद्यार्थी, आता कॉलेजात शिकवतात. अमिनाआपा सरांची मुलगी, हैदराबादला शिक्षिका. बुधवारीच आली होती. आणि द्वारकामावशी पंचवीस वर्षांपासून घर सांभाळते.

तेवढ्यात मावशीच चहा घेऊन आली. सरांना खाली बसलेलं बघून तिचा जीव खालीवर झाला. "अगं बया! सायेब, उठा आधी. छातीत दुखतंय का?"

"नाही, बाई. ठीक आहे."

"हे घ्या, तोंड उघडा." तिनं पदराची गाठ सोडून बत्तासा काढला. "काल एकादशीला पैठणला गेले व्हते. परसाद हाय. नाय म्हनू नका." मग माझ्याकडे वळली. "तू बी घे गं, सारजे. शाळेत ढाल मिळाली म्हनं? आता तर तुझं तोंड गावाला पुरायचं नाय."

सरांनी निमूट बत्तासा तोंडात टाकला. मी सरकवून ठेवलेल्या खणाकडे मावशीनं पाहिलंही नाही.

ती गेल्यावर मी सुपारी उचलून उजेडात धरली. सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे, सुपारीशिवाय ज्यांचं एक लेक्चर होत नाही असे एकच सर आहेत. सरांच्या सिद्धांताविरुद्ध ज्यांनी लेख लिहिला, तेही तेच. मी सायकल काढली.

३

फारूखसर कॉलेजच्या पायऱ्यांवरच भेटले. माझं ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तरी मी सुपारी त्यांच्या नाकासमोर धरली.

"ही तुमची?"

त्यांनी खिशातून पत्र्याची डबी काढून उघडली. आत बारीक कातरलेली, बडीशेप घातलेली सुपारी होती. "ही माझी. ती अख्खी आहे, मॅडम डिटेक्टिव्ह. ती खायला गेलो तर दात तुझ्या वहीत जमा करावे लागतील."

मला लाज वाटली. पण मी काय सोडते! "तुम्ही सरांच्या विरुद्ध लिहिलंय. सतरा नंबर खरा निघाला तर तुम्ही खोटे पडाल."

"हो," ते सरळ म्हणाले. "मी लिहिलं की तो खालच्या थराचा आहे. अजून मला तसंच वाटतं. पण कोलकात्याच्या बाईंना पत्र कुणी लिहिलं? मी. सरांना कापायला राजी कुणी केलं? मी, चार महिने पाय धरून. आता तो सोमवारी सापडला नाही तर दुनिया काय म्हणेल? घाबरला आणि चोरला. सरांच्या नंतर सगळ्यात जास्त नुकसान माझंच आहे, सारजा."

ते खरं होतं. मी वहीतलं त्यांचं नाव खोडलं. खोडताना वाईट वाटलं नाही, उलट हायसं वाटलं.

"तुम्ही शेवटचा कधी पाहिला?"

"बुधवारी बघू द्या म्हणालो. सर म्हणाले, आता सोमवारी सगळ्यांसमोर." डबी बंद करता करता ते थांबले. "तू अमिनाला विचारलंस? मी आत शिरलो तेव्हा ती बापाला ओरडून सांगत होती की एक दिवस तो दगड मी विहिरीत फेकीन."

४

अमिनाआपा गच्चीत कपडे वाळत घालत होती. कसं विचारावं ते मला सुचेना. शेवटी सरळ विचारलं.

"हो, मी म्हणाले तसं," ती म्हणाली, आणि हातातली चादर पिळतच राहिली, कधीची कोरडी झाली होती तरी. "तुला माहितीये, सतरा नंबर कधी सापडला?"

"१९७१."

"सालच सांगतात सगळे. तारीख मला विचार. त्याच दिवशी अम्मी गेली. मी नऊ वर्षांची. अब्बांना तार केली, ती मिळायला दोन दिवस लागले. ते आले तेव्हा कबरीवरची माती वाळली होती. त्यांच्या झोळीत तो दगड होता. अम्मीच्या तोंडात शेवटचं पाणी द्वारकाबाईनं घातलं, आणि मला वाढवलं पण तिनंच."

मी तिच्या हातातली चादर घेऊन दोरीवर टाकली.

"बुधवारी मी आले तेव्हा खण उघडला," आपा म्हणाली. "पंचवीस वर्षं ज्याचा राग केला, तो कापून जायच्या आधी एकदा नीट बघावा म्हणून. हातात घेतला. इतकुसा होता गं. खरंच विहिरीत टाकणार होते, पण हात उठला नाही. अब्बा तो कापू का देत नव्हते, ते तेव्हा कळलं मला. त्या दिवसातलं त्यांच्याजवळ तेवढंच उरलंय."

"मग परत ठेवलात?"

"ठेवला. पण होता तसा कापसात दाबून ठेवला." ती माझ्याकडे वळली. "त्याच्या खालच्या, कापसात बुडालेल्या काठाची कोर तुटलेली होती, नखाएवढी. जखम ताजी होती, पांढरी. अब्बांनी बघितलं असतं तर... द्वारकाबाई तिथंच फरशी पुसत होती, तिला पण म्हटलं, अब्बांना बोलू नकोस."

म्हणजे बुधवारी सतरा नंबर खणात होता, पण धड नव्हता. चोरीच्या आधीच कुणीतरी तो फोडला होता.

५

रविवारी सकाळी मी पुन्हा खणासमोर बसले. सर आरामखुर्चीत होते. उद्याच्या बाईंसाठी इस्त्री केलेला शर्ट खुंटीला अडकवून ठेवला होता.

करायला काहीच सुचेना, म्हणून मी एक सुकलेलं पान उचलून बोटांत चुरगाळलं आणि सवयीनं हुंगलं. कडुलिंब कडवट वास मारतो. याला वास आमच्या अंगणाचा होता.

"सर, ही तुळस आहे!"

"हां," सर डोळे मिटूनच म्हणाले. "द्वारकाबाई ठेवते. रोज एक. तिला वाटतं मला माहीत नाही. मी रोज संध्याकाळी काढतो, अमिना आल्यापासून तेवढं राहून गेलं. तिला वाटतं, देवानं घेतलं."

"देवानं?"

"तुमच्यात शाळिग्राम असतो ना, काळा, गोल, आत चक्र असलेला? तोही अमोनाइटच, बेटा. हिमालयातला. तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं. मला ओळखायला एम.एस्सी. करावी लागली."

मग सरांनी जे सांगितलं ते त्यांनी मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शनच्या वेळी ते सोळा वर्षांचे होते, करमाडला. गावात मुसलमानांसाठी वातावरण फार वाईट होतं. शेजारच्या आप्पासाहेबांनी सरांच्या सगळ्या घराला आपल्या देवघरात लपवलं. तिथं कुणी शोधायला येणार नव्हतं. तीन दिवस बोलायचं नाही, खोकायचं नाही. सरांच्या डोळ्यांपुढं देव्हाऱ्यात एक शाळिग्राम होता.

"तीन दिवस मी तेच बघत होतो. ते चक्र कुठं सुरू होतं, कुठं संपतं. बाहेर काय चाललंय ते ऐकू येऊ नये म्हणून बघत होतो. चौथ्या दिवशी आप्पासाहेबांना विचारलं, हे कुणी कोरलं? ते म्हणाले, कुणीच नाही, असाच जन्मला. त्यानंतर पन्नास वर्षं मी दुसरं काही केलं नाही."

मी सुपारी हातात फिरवत होते. अख्खी. न कातरलेली. खायची नव्हेच ती. गेल्या वर्षी आमचा देव्हारा रंगवायला काढला, तेव्हा देव हलवून आईनं त्यांच्या जागी काय ठेवलं होतं? जागा ओस पडू द्यायची नसते...

मी ताडकन उठले. "सर! मला कळलं! देव हलवला की त्याच्या जागी सुपारी ठेवतात! आणि भंगलेला देव घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात! बुधवारी मावशीनं तुटलेला पाहिला, शुक्रवारी एकादशी होती, आणि ती पैठणला..."

माझा आवाज विजयानं टिपेला पोचला होता. सरांनी डोळे उघडले. त्या डोळ्यांत आश्चर्य नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"सुपारी बघितली तेव्हाच. आप्पासाहेबांच्या घरी तीन दिवस काढलेत मी, बेटा." सर हळू बोलत होते. "पण धड देव ती कधी नेणार नाही. तो भंगला कसा, तेवढंच मला उमगत नाही."

६

द्वारकामावशीची खोली मागच्याच गल्लीत. ती दारात ज्वारी पाखडत होती. विचारायचं नाही, असं सरांनी मला बजावलं होतं. मी विचारणार नव्हतेच. नुसती जाऊन बसले. गप्प बसलेली सारजा बघून मावशीलाच राहवलं नाही.

"काय झालं गं? सायेबाला बरं हाय ना?"

"बरंय."

"आता बरंच ऱ्हाईल." तिनं सूप खाली ठेवलं, इकडंतिकडं बघितलं. "तुला सांगते, पर सायेबाला बोलायचं नाय. त्यांचा तो खनातला देव भंगला व्हता. आपाच्या हातात बघितला मी. काळजात चर्र झालं. भंगलेला देव घरात ठिवला की घरच्या मालकाला खातो. एकदा छातीत कळ येऊन गेली, दुसऱ्यांदा आल्यावर काय? आन् उद्या म्हनं त्याला करवतीनं कापनार! ते सुखानं झालं असतं व्हय?"

"मग?"

"मग काय! गुरवारी सांजंला उचलला. सुपारी ठिवली. रातभर पान्यात ठिवला. येष्टीत मांडीवरनं खाली ठिवला नाय. कंडक्टर म्हनला, मावशी, लेकरू हाय का? म्हनलं व्हय, लेकरूच. घाटावर दूध घातलं आन् गंगेत सोडला. खोल पान्यात, भरून आलं बघ."

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. मी डोळ्यांसमोर तो घाट आणला. शेकडो वर्षं लोकांनी सोडलेले देव, टाक, दगड, आणि त्यांत एक मातकट पिवळा.

"मावशी, पण सर तर मुसलमान आहेत. त्यांना..."

"त्यांना नसंल कळत. देवाला कळतं ना तो कुनाच्या घरी ऱ्हातो ते?" ती हसली. तिच्या तोंडावर नुसतं समाधान होतं. "आपाच्या आईला, जहांआराबाईला मी शबूद दिला व्हता. मालकाला जपीन म्हनून. परवा जीव लई हलका झाला माझा."

मी जायला उठले. ओठावर आलेला शब्द न् शब्द मी गिळला. आणि तेव्हा मावशी सहज म्हणाली,

"पर मला येक कळंना, सारजे. पंधरा दिसामागं तू त्याला पांढऱ्या मातीत घातला व्हता ना, तुझ्या परदर्शनासाठी? तवा तर धड व्हता. मीच पान काढून तुझ्या हातात दिला व्हता की."

७

मी घरी कशी पोचले, आठवत नाही.

माझं बक्षीस कशाला होतं, ते मी अजून सांगितलेलंच नाही. सतरा नंबरच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीला. सरांनी स्वतः खण उघडून दिला होता. "तू हात लावू शकतेस," म्हणाले होते. या कपाटाबाबत ते हे वाक्य कुणालाच म्हणत नाहीत. आणि म्हणाले होते, "प्लास्टर दगडाला चिकटू नये म्हणून साबणाचं पाणी दोनदा लाव. एकदा लावून वाळू दे, मग पुन्हा." मग ते डॉक्टरांकडे गेले. मी प्लास्टरच्या दोन फाडी करून साचा घेतला. दुसरी फाड जरा अडकली होती. जोर लावल्यावर ठक् करून सुटली. मी सतरा नंबर पुसून, न बघता, कापसात ठेवून दिला. मला रंग द्यायची घाई होती.

साच्यात ओतलेली प्रतिकृती निघाली तेव्हा तिच्या काठाला एक खळगा होता. नखाएवढा. मला वाटलं हवेचा बुडबुडा. मी तो रंगाऱ्याच्या लांबीनं बुजवला आणि वरून रंग दिला.

बुडबुडा नव्हता तो. तिथं प्लास्टर गेलंच नाही, कारण साच्यातली ती जागा आधीच भरलेली होती.

मी कपाटावरून साचा काढला. दुसऱ्या फाडीच्या काठाशी, पांढऱ्यात पांढरं वाटावं असं, काहीतरी रुतलं होतं. पिनेनं टोकरलं. मातकट पिवळी कोर, आणि तिच्या आतल्या बाजूला, कप्प्यात चिकटलेली चिमूटभर माती.

सगळे धागे जुळले होते, आणि गुन्हेगार आरशातली होती.

मी कोर आणि साचा घेऊन सरांकडे गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. एकच प्रश्न विचारला.

"साबण किती वेळा लावलास?"

"एकदा."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, ओरडले तर बरं होईल. ओरडले नाहीत. मग म्हणाले, "चूक लिहून ठेव, बेटा. तारखेसकट. आमच्या धंद्यात तेवढंच करता येतं." म्हणून मी हे लिहितेय.

सोमवारी बाई आल्या. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी सरळ सांगितलं, नमुना माझ्या हातून हरवला. माझ्या हातून, असं म्हणाले. आपा आणि फारूखसर दाराशी उभे होते. त्यांनाही रविवारी संध्याकाळी सगळं कळलं होतं. फारूखसर आधी पैठणच्या पाण्यात पाणबुडे उतरवू म्हणत होते. सर म्हणाले, "द्वारकाबाईला कळेल." विषय तिथंच संपला.

बाई कोर घेऊन गेल्या. सहा आठवड्यांनी पत्र आलं. सरांनी ते वाचून फारूखसरांना दिलं. फारूखसर वाचता वाचता रडायला लागले, मोठ्यानं, लहान मुलासारखे. कप्प्यातली माती वरच्या थराची होती. सरांचंच खरं होतं. पंचवीस वर्षं सर खरे होते.

"मी लिहितो," फारूखसर म्हणाले. "मी चुकलो म्हणून लिहितो!"

"काय दाखवशील?" सर म्हणाले. "बाईंनी लिहिलंय ते पुन्हा वाच. नखाएवढी कोर कुठल्याही शिंपल्याची असू शकते. ती सतराचीच, हे कोण सांगणार? एक नववीची पोर आणि एक म्हातारा. मीसुद्धा मानलं नसतं, फारूख." मग थोडं हसून म्हणाले, "कोटीभर वर्षांनी गोदावरीचा गाळ दगड होईल. कुणी खोदेल. म्हणेल, अरे, हा इथं कसा? चुकीच्या थरात! आणि त्याच्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही."

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आली. सगळ्यांचे डोळे बघून दचकली. "काय आलंय पत्रात? वाईट काय हाय का?"

"नाही, बाई," सर म्हणाले. "चांगलं आहे. फार चांगलं. म्हणून रडतोय हा वेडा."

त्या संध्याकाळी सरांनी मला साचा आणायला सांगितला. कोर निघाल्यामुळे तो आता पुरता मोकळा होता. साबणाचं पाणी मी लावलं. वाळू दिलं. पुन्हा लावलं. सर शेजारी बसून बघत होते. प्लास्टर ओतलं, फाडी बांधल्या, आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो.

निघाला तो धड निघाला. काठाची कोर, बारीक रेघा, सगळं जागच्या जागी. नुसता पांढरा.

"हा खरा नाही ना, सर," मी म्हणाले, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मला जो सापडला होता, तोही खरा कुठं होता? खरा जीव साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच गेला, बेटा. मागं राहिला तो ठसाच." त्यांनी तो कापसातल्या जुन्या खड्ड्यात ठेवला आणि चिठ्ठी सरळ केली.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी डोकावले. सर खण उघडून उभे होते. पांढऱ्या सतरा नंबरवर तुळशीचं एक हिरवंगार पान होतं, अजून ओलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि मावशी स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती.

संध्याकाळी परत आले तेव्हाही ते पान तिथंच होतं. सरांनी काढलं नव्हतं.